खाणीत छत्री उघडू नये

सुकयीने कॉफीच्या दुकानासमोर गाडी लावली, मागच्या सीटवरची छत्री उचलली आणि आईकडे बघून परत ठेवून दिली. आई, म्हणजे न्युकमोय, तोवर उतरून भर उन्हात चालायलाही लागली होती. डोक्यावर घडी केलेलं वर्तमानपत्र धरलं होतं. पंचाहत्तर वर्षांच्या आईने ऊन असो की पाऊस, छत्री नाकारायची आणि एकोणपन्नास वर्षांच्या लेकीने मनातल्या मनात कुढायचं, हे त्या घरात इतकं जुनं झालं होतं की त्यावरून आता भांडणही होत नसे. क्वालालंपूरच्या शेजारणी म्हणायच्या, म्हातारी चिक्कू आहे, छत्री झिजेल म्हणून उघडत नाही. न्युकमोयने त्यांना कधी खोडून काढलं नाही. चिक्कू म्हणवून घेणं तिला सोयीचं होतं.

चिंगमिंगचे दिवस होते, पितरांची थडगी साफ करून त्यांना जेवू घालण्याचे. मायलेकी सकाळीच टेकडीवर जाऊन आल्या होत्या. न्युकमोयच्या नवऱ्याच्या, फोकच्या थडग्यावरचं गवत यंदाही कुणीतरी आधीच काढून ठेवलं होतं आणि दगडावरची अक्षरं ताज्या लाल रंगाने गिरवली होती. राखणदार करत असेल, असं न्युकमोय दरवर्षी धरून चालायची आणि त्याच्यासाठी संत्र्यांची पिशवी दगडाशी ठेवून यायची. उकडलेली कोंबडी, तीन पेले चहा, पितरांसाठी जाळलेल्या कागदी नोटांची राख, सगळं रीतसर झालं. एरवी तिथून गाडी परस्पर हमरस्त्याला लागायची. गाव सोडल्याला सेहेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याला भेटून, सुंगाई लामपानमध्ये पाऊल न टाकता परत जाणं तिने नेमाने साधलं होतं. यंदा मात्र ती म्हणाली, "गावात घे. ल्याऊ भावजींना भेटायचंय."

ल्याऊ म्हणजे फोकचा कथलाच्या खाणीतला जोडीदार. तो पुढच्या महिन्यात मुलाकडे जोहोरला कायमचा जाणार, असं तिच्या कानावर आलं होतं. फोक गेला त्या दिवशी खाणीच्या खड्ड्यात असलेल्या माणसांपैकी तो एकटाच आता हयात होता. त्याने त्या दिवशी काय पाहिलं, एवढं तिला विचारायचं होतं. आणि ते सुकयीच्या कानावर पडता कामा नये, हेही तितकंच खरं.

रस्ता तिला ओळखू आला, पण रस्त्याने तिला ओळखलं नाही. अर्ध्या दुकानांना कुलपं होती. सिनेमाच्या थेटराच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या आणि आत पाकोळ्या राहायला होत्या. सूप करायला त्यांची घरटी विकून मालकाचं चांगलं चालतं म्हणे. पाकोळ्यांना बोलवायला छपरावर कर्णा लावला होता आणि त्यातून पाकोळ्यांचाच चिवचिवाट दिवसभर वाजत होता. याच थेटरात फोकने तिला लग्नाआधी तीनदा नेलं होतं आणि तिन्ही वेळा तो झोपला होता. दमलेलाच असायचा बिचारा.

कानांना मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. तिच्या वेळी खाणीचे पंप रात्रंदिवस धडधडायचे. त्या धडधडाटात गावात लग्नं लागली, भांडणं झाली, सासवा-सुना एकमेकींना वाटेल ते बोलल्या आणि ऐकू आलं नाही म्हणून सुखाने नांदल्या. पंप थांबला तरच पाळण्यातली पोरं दचकून उठायची. ती स्वतः सतराव्या वर्षापासून नदीत कंबरभर पाण्यात उभी राहून लाकडी परात फिरवत असे. वाळू वाहून जायची आणि तळाला कथलाची काळी भुकटी उरायची. वीस-पंचवीस बाया रांगेत उभ्या असायच्या, डोक्यावर रुंद टोप्या आणि तोंडाची टकळी अखंड चालू. गरिबी होतीच, पण तेवढं हसणं पुढे कुठे मिळालं नाही.

ल्याऊचं घर गावाच्या टोकाला, तळ्याच्या काठी होतं. तळं म्हणजे तोच खड्डा. खाण बंद पडली, पाणी भरलं, कुणीतरी मासे सोडले.

ल्याऊ ओसरीवर बसला होता. ऐंशी उलटले होते. त्याने डोळे बारीक केले. "वहिनी का? म्हाताऱ्या झालात."

"तुम्ही अजून शाळेत जाता वाटतं," न्युकमोय म्हणाली.

तो बोळक्या तोंडाने हसला. चहा झाला, जोहोरची गोष्ट निघाली, सुनेच्या हातच्या जेवणाची धास्ती बोलून झाली. मग न्युकमोयने माल्टच्या बिस्किटांच्या दुकानाची चौकशी केली. दुकान होतं, पण ताजी हवी तर थांबावं लागणार होतं. "मग थांब," ती लेकीला म्हणाली. आपल्याला वाटेला लावलं जातंय, हे न कळण्याइतकी सुकयी लहान नव्हती. ती गेली.

न्युकमोयने चहाचा पेला खाली ठेवला. ती तळ्याकडे बघत राहिली.

खाणीचे नियम शेंबड्या पोरालाही पाठ होते. चामड्याचे बूट घालून उतरायचं नाही, शीळ घालायची नाही आणि काहीही झालं तरी छत्री उघडायची नाही. खाणीचे राखणदार देव म्हणजे दातो, काठावरच्या लाल देवळीत बसलेले. आपल्या राज्यात कुणी डोक्यावर दुसरं छप्पर धरलेलं त्यांना खपत नसे. त्या दिवशी सुकयी तापाने फणफणली होती. तीन वर्षांची पोर पाठीला बांधून न्युकमोय दवाखान्यातून परतत होती आणि जाता जाता फोकचा डबा द्यायला खड्ड्याच्या काठाशी थांबली. ऊन असं होतं की पोरीची मान लोंबायला लागली. तिने काखेतली काळी छत्री उघडली. किती वेळ? भात निवायलाही लागत नाही तेवढा. खाली खड्ड्यातून, पलीकडच्या बाजूने ल्याऊने हात वर केला. ती चपापली, छत्री मिटली, डबा ठेवून पळत सुटली. ती घरी पोचायच्या आत दरड कोसळली होती. फोकला बाहेर काढायला दुसरी सकाळ उजाडली.

"भावजी," ती शेवटी म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हात केलात. मी छत्री उघडली होती, ते बघून केलात ना?"

ल्याऊने कपाळाला आठ्या घातल्या. तिला वाटलं, म्हातारा विसरला.

"कसली छत्री?"

"काळी. काठावर उभी होते मी. पोरीला ऊन लागत होतं."

"मला छत्री दिसलीच नाही, वहिनी. तुम्ही दिसलात. दरड कुरकुरत होती, वरून माती सुटायला लागली होती. मागे व्हा म्हणून हात केला. फोकलाही ओरडलो. पंपापुढे कुणाचं ऐकू येतंय?"

न्युकमोयने खुर्चीचा हात धरला. तिला एकदम हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकेपणाची भीती वाटली. पण ल्याऊचं बोलणं संपलं नव्हतं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"दरड फोडायचा पाण्याचा झोत माझ्या हातात होता. दरड वरून पाडत खाली यायचं, हे मला कळत नव्हतं का? मुकादम म्हणाला, तळाला माल चांगला आहे, खालूनच मार. मी सकाळपासून पायाच पोखरत होतो. दरड दातोंनी नाही पाडली. मी पाडली. तुम्ही गाव सोडलंत, माझ्या दारात कधी आला नाहीत, तेव्हाच समजलो की तुम्हाला कळलंय."

पाकोळ्यांचा कर्णा लांबून ऐकू येत होता. न्युकमोयला राग आला, खूप आला. फोकचा, मुकादमाचा, समोरच्या म्हाताऱ्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या शहाणपणाचा. एक प्रश्न विचारायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं.

"सेहेचाळीस वर्षं मी भिजले, भावजी," ती म्हणाली.

"आणि मी काय कोरडा राहिलो, वहिनी?"

तो उठला, भिंतीला धरत आत गेला आणि एक विळा आणि लाल रंगाचा छोटा डबा घेऊन आला. ते त्याने तिच्यासमोर ठेवले. "आता जोहोरहून कसलं जमतंय. तुमच्याकडे असू द्या. गवत फार माजतं तिथे."

न्युकमोयने डब्याकडे पाहिलं. झाकणाच्या कडेला रंग अजून ओला होता. दरवर्षीची संत्री कुणाच्या पोटात गेली, हे तिला आत्ता कळलं. तिने विळा उचलला, पात्याला बोट लावून धार बघितली आणि परत त्याच्या बाजूला सरकवला.

"राहू द्या तुमच्याकडेच. जोहोर काही सातासमुद्रापलीकडे नाही. लेकाला सांगा, चिंगमिंगला बापाला घेऊन ये म्हणावं. गवत तुम्हीच काढायचं."

ल्याऊने मान हलवली. विळा त्याने मांडीजवळ ओढून घेतला.

तेवढ्यात पाऊस आला, तिथला रोजचा दुपारचा. सुकयी बिस्किटांची पिशवी पोटाशी धरून धावत आली. दुसऱ्या हातात गाडीतली छत्री होती, तीही मिटलेलीच. आईच्या शिस्तीत वाढलेली पोर, आईसमोर छत्री उघडायचं तिच्या हातालाच ठाऊक नव्हतं. ओसरीखाली, पावसात, ती निथळत उभी राहिली. "चल आई, वाढायच्या आत निघू."

"दे इकडे ती," न्युकमोय म्हणाली.

सुकयीने आईकडे बघितलं आणि छत्री पुढे केली. न्युकमोय छत्रीशी झटापट करत राहिली. नव्या छत्रीची कळ कुठे असते, हे तिला माहीतच नव्हतं. शेवटी लेकीने बोट धरून बटण दाखवलं. छत्री फाडकन उघडली आणि दोन्ही म्हाताऱ्या जिवांनी एकदमच तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर थेंब पडत होते. काठ होता तिथेच होता.

न्युकमोय पायरी उतरली. लेक तिच्याहून वीतभर उंच, म्हणून तिला हात पुरता वर ताणावा लागला. छत्री तिने सगळी सुकयीच्या डोक्यावर धरली.

"आई, तू भिजतेयस. तुझ्याकडे घे ना."

"गप चाल," न्युकमोय म्हणाली. "तुला ताप येतो."

आणि गाडीपर्यंत ती तशीच गेली, एक खांदा पावसात ठेवून.