आईला व्हॉलंटियर केलं

डोंबिवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या उत्तराबाई घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला आल्या. आठवड्यातच साकेत म्हणाला, "आई, सोसायटीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायला मी तुला व्हॉलंटियर केलंय."

"अरे, व्हॉलंटियर माणूस आपणहून होतो. दुसरा कसा करेल?"

"आता असंही वापरतात गं."

उत्तराबाईंनी शब्दकोश पाहिला. खरंच, न विचारता दुसऱ्याचं नाव पुढे करणं हाही अर्थ त्यात होता. इंग्रजी भाषा साकेतच्या फारच सोयीची निघाली.

रविवारी क्लबहाउसमध्ये मुलं तोंड पाडून बसली होती.

"आपणहून कोण आलंय?" उत्तराबाईंनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही.

"मीसुद्धा नाही," म्हणत त्यांनी सगळ्यांना खाली खेळायला पिटाळलं. घरी येऊन साकेतला सांगितलं, "तास छान झाला."