सहीचा रकाना

विद्यापीठाच्या पर्यावरण अभियांत्रिकी विभागात पूर्ण शिष्यवृत्तीची पीएचडीची एक जागा निघाली. जाहिरात वाचून बाटलीताईला वाटलं, ही आपल्याच अंगाचं माप घेऊन शिवलीय. 'कारखान्यांच्या नाल्यातील पाण्याचे नमुने घेण्याचा सलग सहा वर्षांचा अनुभव.' असा अनुभव असलेलं माणूस अख्ख्या शहरात एकच होतं. दर सोमवारी ती खोका खांद्याला लावून नाल्यावरून बाटल्या भरून आणायची, म्हणून सगळ्यांची बाटलीताई; एम.टेक. होऊनही हुद्दा कंत्राटी प्रयोगशाळा सहायकाचा. वयाची अट पस्तीस. पस्तिशीला तिचे दोनच महिने उरले होते.

माप मात्र दुसऱ्याचं होतं. जागा विभागप्रमुख सरांच्या भाच्याला द्यायची, हे शिपायालाही ठाऊक होतं. भाच्याला अनुभव नव्हता, म्हणून सरांनी त्याला दाखला लिहून दिला. काय लिहावं सुचेना, तेव्हा ताईचंच काम उतरवून काढलं, आणि मग दाखल्याला जुळेल अशी जाहिरात बेतली. एवढी मेहनत त्यांनी स्वतःच्या प्रबंधावरही घेतली नसेल.

"तू कशाला अर्ज केलास?" सर म्हणाले. "तुझ्यावाचून लॅब चालेल का? तू विभागाचा कणा आहेस, कणा."

"कण्याला शिष्यवृत्ती नसते का, सर?"

सर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मुलाखतीला बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या. आधी भाचा आत गेला. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर ताईला सगळं ऐकू येत होतं.

"ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला, तर काय करता?"

"जोरात हलवतो, मॅडम. विरघळून जातो."

बुडबुडा राहिला की नमुना बाद, बाटली पुन्हा भरायची. बाईंनी चष्मा काढला. "नमुन्यांची वही मागवा."

वही आली. पानं ओलीने फुगलेली, आम्लाच्या थेंबांनी भोकं पडलेली. 'नमुना घेणाऱ्याची सही' या रकान्यात सहा वर्षांचे सगळे सोमवार, सही एकच.

"ही कुणाची?"

"बाहेर बसलीय तिची," सर म्हणाले. "काम हा करायचा, सही ती. अक्षर छान आहे तिचं."

ताई न बोलावताच आत गेली. "सर, गेल्या वर्षी मी पाय घसरून नाल्यात पडले, तेही याच्याच वतीने का?"

सरांनी पाणी मागवलं, बाटलीबंद.

तीन आठवड्यांनी फलकावर कागद लागला : 'योग्य उमेदवार न मिळाल्याने जागा पुढील वर्षापर्यंत स्थगित. बाहेरच्या परीक्षकांचा भिन्न मताचा शेरा दप्तरी दाखल.' पुढील वर्षी ताई पस्तीस ओलांडून गेलेली असणार, आणि भाच्याचा अनुभव सात वर्षांचा झालेला.

सोमवारी सरांनी तिच्यापुढे नव्या कंत्राटाचा कागद सरकवला. "झालं गेलं विसर गं. इथे सही कर आणि नमुने आण. निधी देणाऱ्यांना अहवाल धाडायचाय."

"माझ्या सहीचं काय घेऊन बसलात, सर? नुसतं अक्षर छान आहे."

तिने कागद तसाच परत सरकवला. बाटल्यांचा खोका उचलून भाच्याच्या टेबलावर, त्याच्या चहाशेजारी ठेवला, वर गमबूट. वही उघडून तारीख घातली, सहीचा रकाना मोकळा सोडला.

भाच्याने बुटांकडे पाहिलं. "मामा, हा नाला नक्की कुठे आहे?"

पर्स खांद्याला लावून ताई दारापर्यंत पोचली होती. ती वळली.

"आणि बाटली हलवू नका."