आईला वरून शहर दाखवायचं होतं

लिफ्ट बसवणारा एक मिस्त्री कामासाठी काही महिने ह्या शहरात आला आणि शहराच्या प्रेमातच पडला. आठवडाभर नव्या हॉस्पिटलात लिफ्टचं काम करायचं आणि रविवारी पायाला भिंगरी लावून भटकायचं. बाग झाली, जुना पूल झाला, नदीकाठ झाला. टेकडीवरचा मनोरा तेवढा त्याने आईसाठी राखून ठेवला. तिथून म्हणे अख्खं शहर एका नजरेत मावतं.

काम संपता संपता आई आली. मनोऱ्याच्या थोड्या पायऱ्या चढली आणि गुडघे धरून खाली बसली.

"एवढं उंच बांधलं, आणि लिफ्ट बसवायला तुझ्यासारखा कुणी भेटला नाही होय रे ह्यांना?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. उद्या तर परतीची गाडी होती. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. त्याने रिक्षा केली आणि आईला थेट हॉस्पिटलवर नेलं. ती पदर सावरून लिफ्टमध्ये शिरली, भिंतीला घट्ट टेकून उभी राहिली.

"कर की सुरू."

"पोचलो पण, आई."

वरच्या मजल्याच्या खिडकीतून नदी चांदीसारखी चमकत होती. पूल, बाग, बोटाएवढा मनोरा, सगळं तो हौसेने दाखवत सुटला. आईने डोळे भरून पाहिलं आणि वळली ती लिफ्टकडेच.

"ही तू बसवलीस? पोटातलं पाणी हललं नाही रे. चल, अजून एकदा खाली-वर करू."

"अगं, शहर तरी नीट बघ."

"शहर कुठे पळून चाललंय?"