पहिल्या पायरीवरची घोंगडी

बारामती सोडून लासुर्ण्याला आल्यापासून श्यामलाच्या जिवाला एकच घोर होता. लेकीला, दीप्तीला, मैत्रीण नव्हती. नवऱ्याची, वसंतची, बदली कालव्याच्या कामावर झाली आणि तो आठ दिवसांत रुळला. अकरा वर्षांची दीप्ती मात्र शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि खिडकीत बसायची. डबा कुणाबरोबर खाल्लास, असं विचारलं की "खाल्ला" एवढंच उत्तर.

दिवाळीत श्यामलाचा भाऊ नागेश आला तो इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून झेरॉक्स कागदांची जाडजूड चळत घेऊन. खेळ परदेशातला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले गडी व्हायचं, संकटातून वाट काढायची, एकेक पायरी वर चढायची आणि जादूच्या वस्तू मिळवायच्या. वस्तूंचे दर्जे ठरलेले: साधी, वेगळी, दुर्मिळ, अतिदुर्मिळ आणि शेवटी एकमेव, म्हणजे अख्ख्या गोष्टीत तशी दुसरी नाहीच. नागेशनं आपला वीस बाजूंचा फासा परत नेला, तेव्हा दीप्तीनं चिंचोके फोडून त्यांचे पाच अर्धे भाग घासून घेतले. पांढऱ्या बाजू जितक्या जास्त वर, तितकी वस्तू दुर्मिळ. श्यामलानं बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं. पाची पांढरे पडणं म्हणजे बत्तिसात एकदा, हे तिनं मनात मांडून पाहिलं आणि पोरीच्या डोक्याचं तिला मोठं नवल वाटलं.

त्या चिंचोक्यांनी जादू केली म्हणायची. दर रविवारी ओसरीवर मनिषा, जयवंता आणि सात वर्षांची छकुली येऊन बसू लागल्या; गोष्ट दीप्ती सांगायची. मनिषा वर्गाची पुढारीण. ती उठली की सगळ्या उठत. म्हणून श्यामला गहू निवडायचं निमित्त करून दाराआड सूप घेऊन बसायची आणि मनिषाच्या आवाजाकडे कान लावायची.

एका रविवारी छकुलीनं गोष्टीतल्या गुहेतली पेटी उघडली आणि चिंचोके टाकले.

"पाची पांढरे!" जयवंता ओरडली.

"एकमेव," दीप्ती म्हणाली. "बाण लागत नाही अशी घोंगडी. जगात एकच."

"थांब की," मनिषा म्हणाली. "छकुली कितव्या पायरीवर हाय?"

"पहिल्या."

"मग तिनं पाच कसं काय टाकलं? पहिल्या पायरीला तीनच टाकायचं. तूच तसं ठरवलं हुतंस. मी चौथ्या पायरीवर आले तरी माझ्याकडं निस्ता कंदील हाय!"

"माझ्या लक्षातच राहिलं नाही," दीप्ती पुटपुटली. "चूक माझी आहे."

"व्हय ना? मग काढून घे तिची."

"न्हाय देनार!" छकुलीनं रिकाम्या मुठी छातीशी धरल्या. डोळे भरून आले होते.

"मग आमी चाललो. ऊठ गं जयवंता."

सूप तसंच टाकून श्यामला बाहेर आली. "अगं, भांडता कशाला? सगळ्यांनाच एकेक घोंगडी द्या ना! गोष्टच तर आहे."

चौघींनी तिच्याकडे असं पाहिलं, की देवळात चप्पल घालून आल्यासारखं तिला झालं.

"आई," दीप्ती हळूच म्हणाली, "सगळ्यांना दिली तर ती एकमेव कशी राहील?"

मनिषासुद्धा म्हणाली, "तसलं नको काकू. फुकटची कुनाला पायजे?"

श्यामला ओशाळून उंबऱ्यावरच टेकली. आता पोरगी काय करणार? दीप्तीनं कागद चाळले नाहीत. ती छकुलीकडे वळली. "तुझ्या आजोबांकडे घोंगडी आहे ना?"

"हाय की. आजा मेंढरं राखायचा तवाची." छकुलीनं नाक पुसलं. "नवी लई टोचती. खळ दिल्याली असती ना, पत्र्यावानी ताठ. आजा म्हनतो, थंडीवाऱ्यात चार वर्सं अंगावर घेतली की मग ती मऊ पडती. मग ती आपली."

मग दीप्तीचा गोष्ट सांगतानाचा तो ठाम आवाज लागला.

"पडलेले चिंचोके मी मोडणार नाही. घोंगडी छकुलीचीच. पण ती नवी आहे, ताठ आहे, तिला अजून ओळखत नाही. छकुली चौथ्या पायरीवर पोचेपर्यंत ती फक्त टोचणार. बाण अडवणार नाही. आणि वाहायची तिनंच, डोंगर चढतानासुद्धा."

"जड असती लई," छकुली काळजीनं म्हणाली.

"असू दे. टाकलीस तर गेली."

मनिषा ओसरीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. श्यामला दीप्तीकडे बघत राहिली. एवढं तोलून मापून बोलणं या पोरीनं कुठून आणलं? आपण तर भांडण दिसलं की नुसती साखर वाटत सुटतो.

"आन् तिनं उद्या ती दुसऱ्याला दिली तर?" मनिषानं विचारलं.

"तर त्याला पहिल्यापासून अंगावर वागवावी लागेल."

मनिषानं विचार केला. "हे बराबर हाय," ती म्हणाली आणि परत मांडी घालून बसली. "ये छकुले, तू मधी चाल. तुझी घोंगडी मऊ पडंस्तवर बान आला तर आमालाच बघाय लागल."

"आन् माझी पाळी कवा? मीबी अजून पहिल्याच पायरीवर हाय," जयवंता कुरकुरली.

दीप्तीनं चिंचोके गोळा करून तिच्या हातावर ठेवले. या वेळी मोजून तीनच.