नियमात नसलेली बहीण

धाकट्या बहिणीला लग्नानंतर बारा वर्षांनी दिवस गेले त्या वर्षी, एका सकाळी भर बैठकीत नर्सबाईंनी खुर्ची मागे सारली आणि त्या उठल्या.

“अध्यक्षसाहेब, या विषयाला मी बाहेर थांबते.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान हलवली. बाईंनी पिशवी उचलली आणि दार मागे ओढून घेतलं.

बैठक होती सामाईक निधीची. लांबलांबच्या देशांनी एकाच हंड्यात पैसे टाकायचे आणि लढाईच्या मुलखात राबणाऱ्या संस्थांपैकी कोणाच्या पदरात किती, ते या टेबलाभोवती ठरायचं. लहान संस्थांनी आपल्या वतीनं बाईंना तिथं बसवलं होतं. नियम असा, की आपल्या संस्थेचा अर्ज निघाला की सभासदानं बाहेर जायचं. बाईंच्या आधीच्या सभासदानं मेहुण्याच्या संस्थेला तंबू मिळवून दिले, तेव्हापासून बाजारात लोक त्याला तंबूराव म्हणूनच हाक मारीत आणि हसत. ते हसणं बाईंनी जवळून ऐकलं होतं.

आताचा अर्ज त्यांच्या दवाखान्याचा नव्हता. डोंगरापलीकडच्या एका संस्थेनं रुग्णवाहिका मागितली होती. तिथून इस्पितळाकडे येणाऱ्या वाटेवर सैनिकांचा नाका होता, आणि न अडवता ते सोडत फक्त रुग्णवाहिकेला. धाकटी त्या संस्थेच्याच गावात दिलेली. आठवा सरत आला होता.

बाहेर व्हरांड्यात चहावाल्या मावशी कप विसळत होत्या.

“आज तुम्हाला हाकललं वाटतं?”

“आपणहून आले.”

“बरं केलंत. आत नुसतं डोकं उठतं. घ्या, साखर घातलीय, होती नव्हती ती.”

चहा संपायच्या आत दार उघडलं. शाळा चालवणारे मास्तर, तेही सभासद, बाहेर आले.

“बाई, अहो तुम्ही उठलात कशाला? तुमची संस्था थोडीच होती ती?”

“बहीण आहे माझी तिथं.”

“नियमात संस्था आहे. बहीण कुठंय नियमात?” मास्तरांचा आवाज खाली आला. “मतं निम्मी निम्मी पडली. तुमचं असतं तर गाडी मिळाली असती. आता पुढच्या बैठकीत, तीन महिन्यांनी.”

“आत जाऊन सांगितलं तर? पुन्हा हात वर करायला?”

“विषय मिटला. पैसे पाण्याच्या टँकरकडे वळवले. छावणीतल्यांचेही घसे कोरडेच आहेत, त्यांना तरी काय म्हणायचं?”

बाईंनी उरलेला चहा प्यायला. कप मावशींकडे न देता स्वतःच नळाखाली धरला. पाणी नुसतं वाहत राहिलं, तेव्हा मावशींनी हात घालून नळ बंद केला.

आत गेल्यावर अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, “असं स्वच्छ वागणारी माणसं आता राहिली नाहीत.” दोघाचौघांनी टेबल थोपटलं. मग ताडपत्र्यांचा विषय निघाला. बाईंनी हात वर केला. कोणाच्या बाजूनं, ते त्यांना नंतर आठवेना.

दुपारी धाकटीचा फोन आला.

“ताई, गाडीचं काय झालं गं?”

“पुढच्या बैठकीत बघू म्हणाले.”

“तू आहेस ना तिथं, मग होईल. आणि नाहीच झालं तर शेजारच्यांचा टेंपो आहे. बकऱ्या नेतात, मला नेतील. मी काय बकरीपेक्षा जड आहे? आता आहे म्हणा.”

“पाय उंच ठेवून झोपत जा,” बाई म्हणाल्या.

“रागावलीस का कोणावर?”

“नाही गं.”

पुढच्या बैठकीत रुग्णवाहिका एकमतानं मंजूर झाली. त्या विषयाला नर्सबाई जागेवरच बसून राहिल्या. कोणी हरकत घेतली नाही.

धाकटी बहीण त्याच्या दोन महिने आधी, एका मंगळवारी भरदुपारी, नाक्यावर अडवलेल्या टेंपोत वारली. मुलगी जगली.