न मोडलेलं पान

वाडगा पुढ्यात आला तेव्हा बोराम बसल्या बसल्याच पेंगत होती. सकाळपासूनचा हा दुसरा. मियोकचं, म्हणजे समुद्री शेवाळाचं, सूप, त्यात शिंपल्यांचं मांस, वर तिळाच्या तेलाचा तवंग आणि शेजारी वाफाळता भात.

"घे पोरी, गरम आहे तोवर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आत्ताच तर झालं."

"ते उठल्यावरचं. हे न्याहारीचं."

बोरामने चमचा उचलला. वाद घालायचा तर आधी जागं राहावं लागतं, आणि तेवढंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. मुलगी दोन महिने आधीच जन्मली होती आणि इस्पितळात काचेच्या पेटीत होती. बोराम दर तीन तासांनी उठायची, पंपाने दूध काढायची, पिशव्या भरून गोठवायची आणि रोज दुपारी बसने इस्पितळात पोचवायची. नवरा जेगुन लांब जहाजाच्या कारखान्यात, तो फक्त रविवारी यायचा. घरात राहिल्या या दोघी आणि चुलीवरचं ते मोठं पातेलं.

पण सासूबाईंना, मालसुनबाईंना, दोष देता येईल का? बाई गिजांगच्या किनाऱ्यावर जन्मली, तिथेच म्हातारी झाली; तिथे बाळंतिणीला मियोकचंच सूप देतात. मुळ्याच्या जुडीसाठी भाजीवालीला रडवणारी ही बाई, पण सुनेसाठी समुद्रातलं ते लांबलचक पान घेताना तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बाळंतिणीच्या मियोकचा भाव करायचा नसतो. केला तर बाळाचं आयुष्य घटतं. ते मोडायचं नाही, दुमडायचं नाही. म्हणून माणसाएवढ्या उंचीची दोन वाळकी पानं गवताच्या दोरीने बांधून बाई बुसानच्या बसमध्ये चढल्या आणि दोन सीटवर ती आडवी ठेवून स्वतः सगळा रस्ता उभ्या राहिल्या. ड्रायव्हर काही बोलला नाही. त्यालाही आई असणारच.

आणि बोरामने नाही म्हणावं तरी कुठल्या तोंडाने? फ्रिजच्या दारावर सासूबाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलं होतं. त्यात पांढऱ्या कोटातली बोराम हसत होती आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'रोज मियोक, रोग दूर!' बोराम समुद्रातल्या वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत होती. मियोकच्या बुळबुळीत रसात जो पदार्थ असतो, त्याने अंगातली सूज उतरते का, हे ती कित्येक वर्षं उंदरांवर तपासत होती. उतरत होती, थोडीफार. बातमीदाराला तिने नीट सांगितलं होतं, "उंदरांमध्ये, अर्क काढून, मोजक्या मात्रेत." छापून आलं तेव्हा उंदीर गेले होते, अर्क गेला होता आणि मात्राही गेली होती. बोरामने ते वाचलं, दोनदा वाचलं. पण संचालक खूश होते, पुढच्या वर्षीचं अनुदान पक्कं झालं होतं आणि तिला सहावा महिना लागला होता. जाऊ दे, म्हणाली ती.

आपण सगळेच कधी ना कधी हे 'जाऊ दे' म्हणतो.

त्या दुपारी दुधाच्या पिशव्या नर्सच्या हाती देऊन बोराम काचेपाशी उभी राहिली. मुलीचा पंजा तिच्या अंगठ्याएवढा होता. मागून डॉ. ह्वांग आल्या. या वॉर्डात केस पिकवलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या बाई.

"रक्ताचा रिपोर्ट आलाय," त्या म्हणाल्या. "थायरॉइड मंदावलंय हिचं. मला एक सांग, घरी सूप किती वेळा होतं?"

बोराम स्वतःच्या बुटांकडे बघू लागली. "तीनदा. कधी चारदा."

"अगं बाई!" डॉक्टरांनी खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि स्वतः खिडकीला टेकल्या. "हे बघ, सूप वाईट नाही. मी स्वतः दोन बाळंतपणं त्याच्यावर काढली. पण मियोकमध्ये आयोडीन ठासून भरलेलं असतं आणि ते तुझ्या दुधात उतरतं. पूर्ण दिवसांचं दणकट बाळ ते बहुतेक वेळा पचवून टाकतं. ही केवढीशी आहे! आयोडीन कमी पडलं तरी ती ग्रंथी थकते, आणि जास्त झालं तरी थकते. दूध बंद करू नकोस, दूध तिला हवंच. सूप थांबव. दहा दिवसांनी पुन्हा रक्त बघू. सुधारलं तर उत्तम, नाहीतर औषध सुरू करावं लागेल. मेंदूची वाढ काही आपल्यासाठी थांबून राहत नाही."

बोरामने काचेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, डॉक्टर."

"काय?"

"मियोकमध्ये आयोडीन किती असतं ते. मी स्वतः मोजलंय."

"मग?"

"आईंशी वाद घालायला अंगात जीव नव्हता."

डॉ. ह्वांगनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बोरामला वाटलं.

"दमलीयस, ते दिसतंय," त्या म्हणाल्या. "मीही दमलेय. पण तू वाद टाळलास म्हणून तो मिटला नाही. तो त्या पेटीतल्या पोरीच्या वाट्याला गेला. आणि अजून एक ऐक. या मजल्यावर कुणालाही सूप कमी कर म्हटलं की ती मला फोनमध्ये एक फोटो दाखवते. पांढरा कोट, हसरा चेहरा. ओळखतेस ना त्या बाईला? चांगलं काय ते तू सगळ्यांना सांगितलंस. किती, ते कुणी सांगायचं?"

घरी येईपर्यंत बोरामने मनाशी वाक्यं जुळवली होती. दारात पाऊल टाकलं आणि तिळाच्या तेलाचा वास आला, तशी सगळी विरून गेली. सासूबाईंनी वाडगा ठेवला आणि त्या बाल्कनीत कपडे काढायला गेल्या. बोराम उठली आणि तिने सूप मोरीत ओतलं. सोपा मार्ग! पण मियोकची पानं जाळीत अडकली आणि पाणी तुंबलं. ती हाताने पानं काढत असतानाच मालसुनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"असं आहे होय," त्या म्हणाल्या. हातातले कपडे तसेच हातात. "आवडत नसेल तर सांगायचं होतं. आम्ही अडाणी माणसं. शिकलेल्या सुनेच्या घशाखाली आमच्या हातचं कसं उतरायचं?"

"आई, तसं नाही हो."

"मग कसं? तूच पेपरात छापून आणलंस ना, रोज खा म्हणून? की ते लोकांसाठी आणि घरातलं मोरीसाठी?"

"आई..."

"तुला ठाऊक आहे का, जेगुन झाला तेव्हा मियोकचाच हंगाम होता! अंगणभर पानं वाळत होती. हजार असतील. माझी सासू म्हणाली, चांगलं पान विकायला, घरच्यांना काय करायचंय? तुकडे उरले होते, त्यांचं पाणी मिळालं मला. एकदा. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मियोकने लगडलेल्या दोऱ्या ओढायला समुद्रावर." त्यांनी हातातले कपडे ओट्यावर टाकले. "तेव्हाच ठरवलं होतं मी. माझी सून येईल ना, तिला अख्खं पान. न मोडलेलं. दिवसातून तीनदा. आणि तू ते गटारात घालतेस!"

बोरामचे हात ओले होते, तसेच तिने सासूचे हात धरले. आता गप्प राहिलं तर कायमचंच गप्प राहावं लागेल, हे तिला कळलं. तिने सगळं सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट, आयोडीन, दूध, बाळाचा मेंदू. आपल्याला आधीपासून माहीत होतं, तेही. बातमीतून काय गळलं होतं, तेही.

मालसुनबाई मटकन जमिनीवर बसल्या. "म्हणजे मी तिला... माझ्या या हातांनी?"

"तुमच्या हातांनी नाही, आई! तुम्ही मला विश्वासाने वाढलंत. मी गप्प बसले. तुमच्यापुढे गप्प बसले आणि पेपरवाल्यापुढेही."

बोरामही त्यांच्याशेजारी फरशीवर बसली आणि रडू लागली. मग सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पातेलं उचललं आणि शेजाऱ्यांच्या दारावर थाप मारली. त्यांच्याकडे तीन धडधाकट पुरुष होते. परत येऊन त्यांनी विचारलं, "सुकट मासा आणि मुळा चालतो का तुमच्या डॉक्टरीणबाईंना?"

"चालतो."

"मग रडत काय बसलीस? मुळा सोल."

दुसऱ्या दिवशी बोरामने बातमीदाराला फोन केला, संचालकांना फोन केला. संचालक म्हणाले, लोक घाबरतील, कशाला? बातमीदार म्हणाला, बघतो. आठवड्याने हवामानाच्या खाली चार ओळी छापून आल्या: तो प्रयोग उंदरांवर अर्काचा होता, बाळंतिणींनी, विशेषतः बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर, सूप किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. त्या कुणी वाचल्या असतील असं बोरामला वाटत नव्हतं.

एकीने वाचल्या. मालसुनबाईंनी त्या चष्मा लावून कापल्या आणि गिजांगच्या बाजारात मियोक विकणाऱ्या आपल्या मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवल्या. एकच गलका झाला.

"का गं मालसुन, तुझी सून आमच्या पोटावर पाय द्यायला निघालीय का?"

"बाळंतिणीसाठी पान घेताना कुणी तुझ्याशी भाव करतं का?" मालसुनबाईंनी उलट विचारलं.

"नाही."

"का नाही करत? तुझ्यावर भरवसा टाकतात म्हणूनच ना? मग पान हातात देताना दोन शब्द खरे सांगायला तुझं काय जातं? पान तेवढंच खपेल. वाडगे कमी होतील, एवढंच."

मैत्रिणीने तोंड वाकडं केलं. पण पुढच्या गिऱ्हाइकाला तिने विचारलं म्हणे, "बाळ पूर्ण दिवसांचं आहे ना गं?"

दहा दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं. थायरॉइड सुधारलं होतं. औषध लागलं नाही. डॉ. ह्वांग नुसत्या "हं" म्हणाल्या आणि पुढच्या पेटीकडे वळल्या, पण जाता जाता त्यांनी बोरामच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलगी घरी आली, अंग धरू लागली. तिचा शंभरावा दिवस, बाळाच्या कौतुकाचा पहिला सोहळा, उजाडला. तांदळाच्या पिठाचे पांढरे केक वाफवले, शेजारीपाजारी आले, जेगुनने सुट्टी घेतली. दुसरं पान कपाटामागे तसंच उभं होतं, गवताच्या दोरीसकट. बोरामने ते पहाटे भिजत घातलं, हाताने फाडलं, सुरी लावली नाही. सूप शिजलं तेव्हा तिने पहिला वाडगा भरला आणि सासूबाईंपुढे ठेवला.

"हे काय? आधी बाळाच्या आईला," त्या म्हणाल्या.

"बाळाच्या आईलाच दिलंय." बोरामने टक्कल पडू लागलेल्या जेगुनकडे बोट दाखवलं. "तुमचं बाळंतपणाचं राहून गेलं होतं ना. अख्ख्या पानाचं आहे."

सगळे हसले. मालसुनबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि नुसत्या बघत राहिल्या. मग खायला लागल्या. तळ दिसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"मीठ कमी पडलंय," शेवटी त्या म्हणाल्या आणि बाहीने नाक पुसलं.

वाचकहो, अति तिथे माती हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण अति म्हणजे किती, ते माहीत असलेलं माणूस दमून, संकोचून, कुणाचं मन राखायला गप्प बसतं आणि त्याची किंमत घरातला सगळ्यात लहान जीव मोजतो. प्रेम करणाऱ्याने खुशाल वाढावं. पण ज्याला ठाऊक आहे त्याने मात्रा सांगायलाच हवी, पेपरातही आणि पानावरही.

बोरामने पातेल्यात पुन्हा पळी बुडवली, तेव्हा मालसुनबाईंनी वाडग्यावर आडवा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "माझ्या वयाला किती चालतं, ते आधी सांग."