अधांतरी धुराडं

सातासमुद्रापलीकडच्या पुकेकोहे गावातलं ते घर बांधणाऱ्या इंग्रज गवंड्याने आपल्या गावची घरं डोक्यात ठेवूनच विटा रचल्या असाव्यात. खाली रस्त्याला लागून दुकान, बाजूच्या वेगळ्या दारातून वर जाणारा अरुंद जिना आणि वर राहायच्या खोल्या. दुकानात आता आशालता खोब्रागडे यांची डेअरी होती, म्हणजे दूध, पाव, पेपर, आइस्क्रीम असं सगळं ठेवणारं कोपऱ्यावरचं दुकान. वर त्या एकट्याच राहत.

भूकंपात घर किती टिकेल, हे तपासायला धम्मदीना आली होती. इंजिनिअर होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. अहवाल वाईट आला तर आशालताबाईंना मनुरेवा नावाच्या उपनगरात मुलाकडे जावं लागणार होतं. "जय भीम" झाल्या झाल्या त्यांनी ते सांगून टाकलं.

"चिरागकडे सगळं आहे. फक्त मला काम नाही. सहाला दुकान उघडायचं नसेल तर उठायचं कशाला, सांग."

"बघते काकू. आधी मोजू दे."

वरच्या मागच्या खोलीत धुराड्याचा विटांचा भाग भिंतीतून छत्तीस सेंटिमीटर पुढे आला होता. रुंदी एक मीटर बेचाळीस. खाली बरोबर त्याच जागी भिंत सपाट होती आणि तिला टेकून कोल्ड्रिंकचा उंच फ्रिज उभा होता. धम्मदीनाने तीनदा मोजलं. आकडे तेच आले.

"काकू, इथे खाली शेगडी होती का? भिंतीतली, विटांची?"

"होती की. ह्यांनीच काढली, फ्रिज बसेना म्हणून. तीन रविवार खपले. एकट्याने, बरं का. कळतं तरी का काही?"

कळत नव्हतं. काकूंच्या यजमानांचा, सुखदेवरावांचा, गिलावा सफाईदार होता. धम्मदीना खाली दुकानात येऊन शिडीवर चढली, छताची एक फळी सरकवून तिने टॉर्च मारला. वरच्या साऱ्या विटा दोन लाकडी तुळयांवर बसल्या होत्या. त्यातली एक अकरा मिलिमीटर वाकली होती. छपरावरच्या टोकापर्यंत वजन साधारण तीन टन.

"तुम्ही झोपता कुठे?"

"त्याच भिंतीला. फ्रिजची ऊब येते वर."

तिने जे दिसलं ते सांगितलं. आशालताबाईंनी ऐकून घेतलं.

"बावीस वर्षं पडलं नाही ना?"

"मोठा धक्का बसला नाही म्हणून."

"मग अहवालातलं हे पान गाळ. माणूस गेल्यावर त्याचं काम वाईट होतं, असं कागदावर नको."

"काकांचं नाव येणार नाही. पान राहील."

"मोठी आलीस मोजणारी."

"बाहेरच्या भिंती चांगल्या आहेत, काकू. धुराडं वरून एकेक वीट करत उतरवलं, तर वजनच जाईल. दोन आठवडे लागतील. तोवर वर झोपायचं नाही, खाली दुकान बंद."

"आणि मग राहता येईल?"

"पुन्हा मोजेन, मग सांगेन."

"हो म्हणायला काय जातं तुझं?"

"अजून मोजलं नाही ना."

आशालताबाईंनी चिरागला फोन लावला.

"दोन आठवडे येते. दोनच. जमिनीवर गादी टाक माझ्यासाठी. कपाट रिकामं करू नकोस."